ओटीचं पान

मंचरच्या बाजारपेठेत लग्नपत्रिका छापणारी एक जुनी प्रेस आहे. तिथल्या कटिंग मशीनवर गोरख बावीस वर्षं उभा आहे. कागदाचा गठ्ठा पात्याखाली सरकवायचा, कड तळहातानं चाचपायची, मग पातं सोडायचं. एक कागद केसभर इकडचा तिकडं होणार नाही. आंबेगाव आणि जुन्नर, दोन्ही तालुक्यांतली निम्मी लग्नं या माणसाच्या हाताखालून गेली. तो स्वतः बोलतो कमी. भाषणं ठोकणाऱ्यांवर लोक पुस्तकं लिहितात, कागद सरळ कापणाऱ्यावर कोणी चार ओळी लिहीत नाही.

राहायला तो येडगावला, धरणाच्या पाण्याकाठी. मोटरसायकलवर रोजचं जाणं-येणं. घरात आई ठमाबाई, बायको अश्विनी, आणि भिंतीवर हार घातलेला भागूचा फोटो. भागू म्हणजे भाग्यश्री, एकुलती एक लेक. अकराव्या वर्षी गेली.

मे महिना होता. अश्विनीनं भागूजवळ धुवायची एक गोधडी दिली आणि म्हणाली, "तू हो पुढं, मी चार भाकरी उरकून आलेच." भाकरी उरकून अश्विनी काठावर पोचली तेव्हा दगडावर नुसती गोधडी होती.

जागा भागूच्या पायाखालची होती. दरवर्षी उन्हाळ्यात तिथं पोरांच्या गुडघ्याइतकं पाणी असायचं. पण त्या वर्षी पाणी मागं हटलेलं असताना कोणी तरी तिथं पोकलेन लावून गाळ उपसला, शेतांना विकला, आणि दोन पुरुष खोल खड्डा तसाच उघडा टाकून निघून गेला. मग वरच्या धरणाचं आवर्तन सुटलं, पाणी चढलं, खड्डा झाकला गेला. वरून बघावं तर तेच ओळखीचं उथळ पाणी. पंचनाम्यात लिहिलं, 'पाय घसरून'. खड्ड्याचं नाव कागदावर नाही. गावाच्या तोंडातही नाही, कारण त्याच खड्ड्यातली काळी माती गावातल्या निम्म्या वावरांत पसरलेली होती. आपल्या वावरातल्या मातीवर बोट कोण ठेवणार?

घरात ठमाबाई बोलली ते एवढंच. "ओटी चुकली."

त्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड आहेत. साती आसरा, पाण्यातल्या सात बहिणी. घरात लेकरू असलं की घरातल्या थोरल्या बाईनं वर्षातून एकदा तिथं जाऊन खणानारळानं त्यांची ओटी भरायची, म्हणजे त्या लेकराला हात लावत नाहीत, असं म्हणतात. त्या वर्षी भावकीत सुतक होतं. ओटी राहिली.

"माझ्याच हातनं चुकली," ठमाबाई तेराव्याला सगळ्या भावकीसमोर म्हणाली. "आसरांनी पोर नेली." लोकांनी माना हलवल्या. गोरखनंही हलवली. हलवायला सोपं होतं. देवीनं नेली म्हटल्यावर माणसानं भांडायचं कोणाशी?

त्या सालचा चातुर्मास बसला. चातुर्मासात लग्नं बंद, आणि लग्नं बंद म्हणजे प्रेस थंड. रिकाम्या हातांनी बसणं गोरखला जमेना. चुकलेल्या पत्रिकांचा जाड कागद कोपऱ्यात पडलेला होता. त्याची त्यानं पानं कापायला घेतली. पत्त्यांएवढी, चारही कोपरे गोल.

भागूला आजीची एक गोष्ट फार आवडायची. पूर्वी म्हणे नदीच्या डोहातून लग्नाची भांडी मिळायची. आदल्या दिवशी काठावर जाऊन सांगून यायचं, आमच्याकडं कार्य आहे. सकाळी हंडे, पराती, समया काठावर आलेल्या. कार्य झालं की घासूनपुसून परत करायच्या. भागू दर वेळी विचारायची, "आज्जी, न्हाई परत केली तर?" आणि ठमाबाई दर वेळी नवीन उत्तर द्यायची.

गोरखनं त्याचाच खेळ केला. नाव ठेवलं 'डोह'. दोन ते पाच जणांनी खेळायचा, शिकायला दोन मिनिटं, एक डाव चहा निवायच्या आत उरकतो. मधे पानांचा ढीग पालथा ठेवायचा, तो डोह. पाळीपाळीनं प्रत्येकानं वरचं एक पान उचलायचं. हंडा, परात, समई, तांब्या, घंगाळ ही पाच भांडी ज्याची आधी जमली त्याचं कार्य पार पडलं, तो जिंकला. पण डोहात सात आसराही आहेत. उचललेलं पान आसराचं निघालं तर गडी बुडाला, डावातून बाहेर. फक्त आधी उचललेलं ओटीचं पान हातात असेल तर ते खाली टाकायचं. मग आसरा त्याला सोडते.

चित्रं काढली जागृतीनं. ती प्रेसचे मालक झुंबरलालशेठ यांची नात, पत्रिकांची डिझाइनं कॉम्प्युटरवर तीच करते. हिरव्या साड्या, मोकळे केस, केसांत मासोळ्या, अशा सात बहिणी तिनं काढल्या. चित्रं मोजताना तिनं विचारलं, "गोरखकाका, आसरा सात आणि ओट्या आठ का?"

"एक जादा असू द्या, ताई," गोरख म्हणाला.

तिनं पुढं विचारलं नाही. पोरगी शहाणी आहे.

दुपारी झुंबरलालशेठ टेबलापाशी आले आणि पानं बघून त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. "पत्ते? माझ्या प्रेसमधे? गोरख, आमच्या जैन धर्मात सात व्यसनं सांगितलीत. पयल्या नंबरला जुगार. मांसाचा नंबर त्याच्यानंतर लागतो, म्हणजे बघ."

प्रेसच्या वरच घर. शेठचा आवाज ऐकून त्यांच्या बायको कस्तुरबाई जिन्यातून खाली आल्या. "ह्याच्यात पैसा लावायचा का रे?"

"न्हाई काकू. भांडी गोळा करायची."

"भांडी? मग मी जिंकलेच समज. सरका हो तिकडं."

दुसऱ्याच पाळीला कस्तुरबाईंच्या हाताला आसरा लागली आणि ओटी नव्हती. "अगं बाई, बुडाले!" म्हणून त्या पान हातात धरून बसल्या.

शेठ म्हणाले, "पन्नास वर्षांच्या संसारात ही पयल्यांदा गप बसली. गोरख, एक डाव मला पण वाट."

त्या दुपारी तीन डाव झाले. तिसऱ्यात जागृतीनं सगळ्यांना हरवलं. ती पानांच्या पाठी ओळखायला लागली होती. चुकलेल्या पत्रिकांचे तुकडे ते, कोणाच्या पाठीवर 'शुभवि', कोणाच्या पाठीवर अर्धा गणपती. "हा अर्धा गणपती आला की समजायचं, खाली आसरा हाय," ती हसून म्हणाली. मग सगळ्या पानांना एकसारखी निळी पाठ छापायची ठरली. शेठनी अट एकच घातली, डब्यावर मोठ्या अक्षरात घाल, पैसे लावून खेळू नये.

गोरख स्वतः खेळला नाही. बघत उभा राहिला. कोणाला आसरा लागली आणि त्यानं ओटीचं पान टाकलं की गोरखचे खांदे जरा खाली यायचे. पंधरा मिनिटांच्या डावात दोन-तीनदा कोणी तरी वाचत होतं. एवढ्यासाठीच केलेला खेळ होता तो. पण हे त्यालाही तेव्हा कळलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत साठ डबे तयार झाले. विकले नाहीत, वाटले. येडगावच्या पोरांना दिले, बहिणीच्या गावाला अवसरी बुद्रुकला दिले, पारगावच्या साखर कारखान्यावर ऊसतोडीला आलेल्या टोळ्यांच्या पाचटाच्या कोप्यांत दिले. पोरांना वेड लागलं. शाळेच्या कट्ट्यावर, मारुतीच्या ओट्यावर, उसाच्या गाडीखाली, जिथं चार पोरं तिथं डोह. भागूचा बाप म्हणून ज्या गोरखपुढं पोरं गप व्हायची, त्याला आता लांबून हाका यायला लागल्या, "काका, मी आज तीनदा बुडलो आन तीनदा ओटी टाकली!"

एकटी अश्विनी त्या पानांना हात लावत नव्हती. डबा फडताळावर दिसला की पदरानं हात पुसत दुसऱ्या खोलीत जायची.

मग पुन्हा मे महिना आला.

रविवार होता. मोटर पाणी ओढेना म्हणून गोरख सकाळी दहाच्या सुमाराला काठावर गेला, फूटव्हॉल्वमध्ये शेवाळ अडकलंय का बघायला. वर्षभर तो त्या बाजूला फिरकला नव्हता. आवर्तन सुटलेलं, पाणी चढलेलं, वरून सगळं साधं दिसत होतं. सात दगडांपाशी चार पोरं उकिडवी बसली होती. त्यांतला शौर्य उठला, सदरा काढला आणि पाण्याकडं निघाला. शौर्य शेजारच्या कुशाबाचा नातू, चौथीतला.

"ए शौर्या! माघारी फिर!"

"काय व्हत न्हाई काका!" पोरगं मागं बघून हसलं. "ओटी ठिवलीया मी. ते बघा की!"

गोरखनं बघितलं. मधल्या दगडापाशी एक पान ठेवलं होतं, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर खडा, चिमूटभर हळदीकुंकू. ओटीचं पान. त्याच्याच हातचे गोल कोपरे.

त्यानं वर मान केली तेव्हा शौर्य मांडीभर पाण्यात होता. पुढच्या पावलाला तो दिसेनासा झाला. ओरडला नाही, हात हलवले नाहीत. पाणी जरा हललं आणि मिटलं.

गोरख कपड्यांनिशी पाण्यात शिरला. कसा, ते त्याला सांगता येत नाही. पायाखालची जमीन एकदम संपली, हाताला केस लागले, एवढं आठवतं. पोराला काठावर आणून पालथं घातलं, पाठीवर थापा मारल्या. पोरगं खोकलं, पाणी ओकलं, रडायला लागलं. ते रडल्यावर गोरखनं त्याच्या एक सणसणीत थोबाडीत दिली आणि मग छातीशी असा आवळला की पोराला श्वास घेता येईना.

"मारता कामून?" शौर्य हुंदके देत म्हणाला. "तुमीच नियम केला ना! ओटी असली की ती सोडती म्हनून! मी तर डब्यातलं खरं पान आनलं व्हतं."

आरडाओरडा ऐकून कुशाबा काठी टेकत पळत आला. नातवाच्या गालावरची बोटं आधी दिसली. "गोरख, माझ्या पोरावर हात कशापायी टाकला?" मग दगडापाशी पान दिसलं, ओलं पोरगं दिसलं, तशी म्हाताऱ्यानं काठी टाकली. त्यानं सात दगडांपुढं डोकं टेकलं. "आयांनी सोडला रं माझा नातू. उद्या नारळ फोडतो, खण घेतो."

बावीस वर्षांत ज्याचा आवाज मशीनच्या वर गेला नव्हता, तो गोरख त्या काठावर ओरडला. "आयांनी न्हाई सोडला, तात्या! त्यांनी धरलाच नव्हता! खड्डा हाय तिथं, खड्डा! मी आत्ता पाय घालून आलोय. आन त्यातली माती तुमच्या कांद्याच्या वावरात पडलीया, जाऊन बघा!"

पाणी पुन्हा आधीसारखं सपाट झालं होतं. गोरखनं खडा बाजूला करून पान उचललं, हळदीकुंकू लागलेलं तसंच ओल्या खिशात घातलं आणि घरी गेला.

ठमाबाई ओसरीवर शेंगा फोडत होती. त्यानं पान तिच्यापुढं ठेवलं आणि झालेलं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "आई, भागूला आसरांनी न्हाई नेलं."

ठमाबाईनं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. मग म्हणाली, "मला ठावं हाय."

"काय?"

"त्याच दिवशी ठावं व्हतं. तुमी पोरीला वर काढत व्हता तवा मी काठावरच व्हते. मानसांच्या डोक्यावरनं पानी जात व्हतं तिथं. चाळीस वर्सं त्या जागी धुनं धुतलं मी, मला कळंना व्हय?"

"मग ओटी चुकली कामून म्हनालीस?"

"ओटी भरायचं काम कुनाचं? थोरल्या बाईचं. माझं." तिनं आतल्या खोलीकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "बाया काय बोलत व्हत्या, तुला ठावं न्हाई. पोरीला एकलीला पाठीवली कुनी, भाकरी का पोर मोठी. ते अश्विनीच्या कानावर गेलं असतं तर त्याच पान्यात ती गेली असती मागोमाग. कुनाच्या तरी माथी जायाचं व्हतं ते. मी माझ्या घेतलं. मला म्हातारीला काय, वाहून न्यायाचं किती दिस? पर त्या पायी खड्डा झाकून राह्यला, हे माझ्या ध्यानात न्हाई आलं, बाळा. पाप झालं."

आतल्या खोलीच्या दारात अश्विनी उभी होती. किती वेळ, कोणाला माहीत. तिनं सासूकडं बघितलं. ओसरीवर येऊन बसली आणि ढिगातल्या शेंगा फोडायला लागली. दोघींचे दाणे एकाच सुपात पडत होते.

सोमवारी गोरख प्रेसमध्ये गेला आणि राहिलेले सगळे डबे टेबलावर उलटे केले. ओटीची पानं वेगळी काढली, गठ्ठा केला, पात्याखाली घातला.

"अरे, अरे," झुंबरलालशेठ उठले. मग त्यांनी सगळं ऐकलं. चष्मा काढून पुसला. "मग गडी वाचणार कसा आता तुझ्या खेळात?"

उत्तर ठमाबाईनं आदल्या दिवशीच देऊन ठेवलं होतं. पूर्वी धुणं धुताना कोणी बुडायला लागलं तर बाया पाण्यात उडी घ्यायच्या नाहीत. काठावरूनच लुगडं फेकायच्या. नऊवार लांब, पिळलं की दोरखंड. एकीनं फेकायचं, बाकीच्यांनी ओढायचं.

जागृतीनं नवीन पानं काढली. सात आसरांच्या जागी सात खड्डे, वरून नितळ, छान दिसणारं पाणी. आणि ओटीच्या जागी लुगडं. नियम एका ओळीचा. खड्डा लागला तर ज्याला लागला त्याला स्वतःचं लुगडं चालत नाही. दुसऱ्या कोणी टाकलं तरच तो वाचतो. दुसऱ्याकडं आहे आणि तो टाकत नाही, असंही होऊ शकतं. आसरा मात्र फेकू देईना ठमाबाई. "त्यांनी काय केलंय? त्यांना पान्याभायेर बसवा." म्हणून एक पान आहे, काठावर ओळीनं बसलेल्या सात बहिणींचं. ते हाती आलं की डोहातलं वरचं पान आधी बघता येतं.

मग वाटलेले डबे शोधत गोरख फिरला. सुट्टीचा प्रत्येक दिवस त्याच्यात गेला. येडगावचे मिळाले, अवसरीचे मिळाले. पोरांना बसवून एक डाव खेळून दाखवायचा, ओटीची आठ पानं आणि आसरांची सात काढून घ्यायची, लुगड्याची आठ, खड्ड्यांची सात आणि काठावरच्या बहिणींचं एक द्यायचं. काही पोरं रुसली, जुना खेळ बरा होता म्हणाली. पारगावला गेला तर कोप्यांच्या जागी नुसती राख आणि पाचट. कारखान्याचा पट्टा पडलेला, हंगाम संपलेला, टोळ्या आपापल्या जिल्ह्यात परत गेलेल्या. डबे त्यांच्याबरोबर. त्या गावांनाही तळी असतील, विहिरी असतील. गोरखनं मुकादमाचा नंबर मिळवला, फोन केले, नवी पानं पोस्टानं पाठवली. काही पाकिटांतून ओटीची पानं परत आली. काही डब्यांचा पत्ता आजही लागलेला नाही, आणि नव्या हंगामाला टोळ्या आल्या की पहिल्या दिवशी तो पारगावात असतो.

खड्ड्याचा अर्ज त्यानं चार ठिकाणी दिला. 'खोल पाणी' असा एक पत्रा तेवढा आला. पण पाणी उतरल्यावर, पाऊस लागायच्या आधी, एका सकाळी कुशाबाच्या ट्रॅक्टरचा आवाज काठावर आला. कांद्याच्या वावरातली माती ट्रॉलीत होती. म्हाताऱ्यानं ट्रॉली उलटी केली आणि दुसरी आणायला गेला. तिसऱ्या दिवशी आणखी तिघांचे ट्रॅक्टर मागं उभे राहिले. सगळ्यांचे नाहीत.

त्या आठवड्यात एका दुपारी ठमाबाईनं स्वतःच फडताळावरचा डबा काढला. "शिकीव मला," लेकाला म्हणाली, "माझं लुगडं घातलंस आन मलाच खेळता येत न्हाई."

दोघंच खेळत होते. मग अश्विनी हात पुसत आली, जरा वेळ उभी राहिली आणि बसली. "मला पन वाटा."

ठमाबाईनं हंडा जमवला, परात जमवली, समई जमवली, आणि लहान पोरीसारखी खूश झाली. चौथ्या पाळीला तिनं पान उचललं आणि डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. नितळ, छान दिसणारं पाणी.

"बुडाले की गं," ती म्हणाली आणि हातातली पानं खाली ठेवायला लागली.

"थांबा, आत्या," अश्विनी म्हणाली. तिनं आपल्या हातातलं लुगड्याचं पान काढलं आणि सासूच्या पानावर ठेवलं. "उचला पानं. तुमची समई झाली, आता तांब्या आन घंगाळ राह्यलं."